पुण्यातील १९२० ची ऑलिंपिक निवड आणि तालमीची परंपरा

क्रीडेचा इतिहास लिहिताना विजेत्यांची नावे, सामन्यांच्या तारखा आणि पदकांची संख्या यांची नोंद सहज होते. परंतु एखादा मुलगा प्रथम कोणाच्या नजरेस पडला, त्याच्यात काय पाहून त्याला निवडले आणि निवडल्यानंतर त्याला घडविण्यासाठी कोणी किती वर्षे वेचली, हे प्रश्न बहुधा मागे राहतात. शरीरबळ आहे पण शिक्षण नाही अशा मुलास आपण ‘कच्चा’ म्हणतो. त्याची पारख करणे हे एक कार्य होय आणि त्याची घडण करणे हे दुसरे. ही दोन कार्ये एकाच संस्थेत नांदली तर काय होते आणि त्यांची फारकत झाली तर काय होते, हे पाहण्यास पुणे शहराच्या इतिहासात १९१९-२० सालचे एक उत्तम उदाहरण सापडते. त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ साली झाली. मुठेच्या पश्चिमेस, तेव्हा शेतीभातीच असलेल्या भागात, पुण्यातील सुशिक्षित मंडळींनी खेळासाठी ही संस्था उभारली. केवळ विलायती खेळांची हौस भागविणे एवढाच तिचा हेतु नव्हता. खोखोसारख्या देशी खेळास लेखी नियम देण्याचे काम १९१४ साली याच संस्थेने हाती घेतले. जो खेळ गावोगाव निरनिराळ्या रीतीने खेळला जात होता, त्यास मैदानाची मापे आणि निश्चित नियम देण्याची दृष्टि जिमखान्याच्या चालकांपाशी होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

सर दोराबजी टाटा १९१९ साली जिमखान्याचे अध्यक्ष झाले. त्या सुमारास जिमखान्यावर झालेल्या मैदानी शर्यतींचे जे वर्णन त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रात केले आहे, ते या विषयाचे मुख्य साधन होय. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: भाग घेणारी मुले शेतकरी वर्गातील होती. ती शेतात राबत आणि निकृष्ट अन्नावर राहत. युरोपीय नियमांची वा आधुनिक शिक्षणाची त्यांस काहीच कल्पना नव्हती. मैदान लहान आणि खडबडीत, गवताळ असल्यामुळे शंभर यार्डांची शर्यतही वळणावरून, आणि धावपट्ट्या अलग करणाऱ्या दोऱ्या न बांधताच घेण्याचा बेत होता. या मुलांच्या लेखी धावणे म्हणजे धावणे. ते ठराविक आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने करावयाचे असते, हे त्यांस नवीनच होते. असे असूनही लांब पल्ल्याच्या शर्यतीतील त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीची भरली. हे पाहून १९२० साली अँटवर्प येथे होणाऱ्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचे पथक पाठविण्याची कल्पना दोराबजींच्या मनात आली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य त्यांनी मिळविले आणि हिंदुस्थानास प्रवेशाची अनुमति मिळाली.

याआधी १९०० साली पॅरिस येथे कलकत्त्याचे नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळविली होती, परंतु ते एकटेच गेले होते. हिंदुस्थानचे म्हणून निवडलेले पहिले पथक १९२० चेच, आणि त्याचा उगम पुण्यातील एका गवताळ मैदानावर झाला. निवड झालेल्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे चार धावपटू, तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते.

अँटवर्प येथील फलश्रुति थोडक्यात अशी. मॅरेथॉन शर्यतीचे अंतर त्या वर्षी ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ठराविक अंतराहून अधिक होते. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकली. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातार यांस ती पुरी करता आली नाही. इतर शर्यतींत आमचे धावपटू प्राथमिक फेरीपलीकडे गेले नाहीत. कुस्तीत नवले पहिल्याच लढतीत बाद झाले. परंतु हलक्या वजनगटात शिंदे यांनी इंग्लंडच्या हेन्री इन्मन यांस हरविले. पुढे अमेरिकेच्या सॅम गर्सन यांच्याकडून ते पराभूत झाले आणि कांस्यपदकाच्या लढतीत इंग्लंडच्या बर्नार्ड यांच्याकडून हार पत्करून चौथे आले. पदक एका लढतीने हुकले.

सहा जणांच्या कामगिरीवरून सर्वसाधारण सिद्धान्त काढणे धाडसाचे होईल, हे मान्य करूनही एक भेद नजरेआड करता येत नाही. धावपटूंची पारख झाली ती एका मेळाव्यात, आणि तेथून ऑलिंपिकपर्यंत त्यांस अवघा काही महिन्यांचा अवधि मिळाला. धावणे शिकविणारी संस्था तत्पूर्वी त्यांच्या आयुष्यात नव्हतीच. मल्लांची गोष्ट निराळी होती. त्या काळी हिंदुस्थानात कुस्ती शिकण्याचा मार्ग एकच, तो मातीच्या आखाड्याचा, आणि त्या आखाड्यामागे पिढ्यांची शिक्षणपद्धति उभी होती. तिचे स्वरूप पाहिल्याशिवाय हा भेद उलगडणार नाही.

तालीम ही पुण्याची जुनी संस्था. चिंचेची तालीम, सुभेदार तालीम, जगोबादादा तालीम, नगरकर तालीम ही नावे पेठांच्या इतिहासाशी जोडलेली आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांच्यापासून मल्लविद्येची आणि मल्लखांबाची गुरुपरंपरा सांगितली जाते. मुलांची पारख होई ती मुख्यतः गावच्या जत्रेत. तेथील कुस्त्यांचा फड लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनी सुरू होतो आणि चढत चढत मोठ्या इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत जातो. जाणता वस्ताद शेवटची कुस्ती पाहण्यापूर्वी या पोरांच्या कुस्त्या पाहत असे. कोण जिंकला यापेक्षा कोण हाडापेराने मोठा आहे, कोणाची मान आणि मनगट भरणारे आहे, खाली पडल्यावर कोण पुन्हा उठून भिडतो, याकडे त्याचे लक्ष असे. डाव शिकविता येतो, पण हाड देता येत नाही, हा त्यामागचा व्यावहारिक विचार.

पोर तालमीत आले की त्याच्या हाती प्रथम फावडे येई. हौद्यातील माती उकरणे, तिच्यात तेल, ताक, हळद, काव मिसळणे, वडील पैलवानांचे अंग रगडणे ही कामे करीत त्याचा आरंभ होई. जोर, बैठका आणि सपाट्या यांची संख्या हळूहळू वाढविली जाई. त्यानंतर जोडीदाराबरोबर लढत, आणि तीही वस्ताद जोड लावून देईल त्याच्याशी. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, एकलंगी असे डाव एकेक करून, अंगात मुरेपर्यंत घोटले जात. शिकाऊ मल्लास फडात उतरविण्याची घाई चांगला वस्ताद करीत नसे, कारण अवेळी झालेल्या पराभवाने पोर खचते हे त्यास ठाऊक असे. दूध, तूप, बदाम यांच्या खुराकाची सोय कधी घरची म्हैस करी, कधी गाव करी, तर कधी राजाश्रय. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हा आश्रय सर्वांत व्यापक प्रमाणावर दिला. त्यांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले.

ही पद्धत केवळ आमच्याच देशाची आहे असे नव्हे. अमेरिकेतील विद्यापीठांत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो, त्यात चेंडू घेऊन धावणारे थोडे. आघाडीच्या रांगेत उभे राहून प्रतिपक्षास अंगबळाने रेटणारे गडी हा त्याचा खरा आधार. या गड्यांची निवड करताना तेथील शिक्षक कौशल्यापेक्षा मुलाचा बांधा पाहतात, आणि पुष्कळदा त्यास वर्षभर सामन्यांपासून दूर ठेवून केवळ सराव देतात. नेब्रास्का विद्यापीठातील आघाडीचे खेळाडू वॉरन आल्फसन यांनी १९३७ च्या हंगामात असे सामन्यांविना सरावाचे वर्ष काढले आणि १९४० साली ते देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघात आले. बांधा पाहून निवडणे, वेळ देणे आणि योग्य वेळ येईपर्यंत मैदानाबाहेर राखणे ही तीन सूत्रे आमच्या वस्तादास अपरिचित नव्हती. फरक इतकाच, की तेथे विद्यापीठाने ती आपली जबाबदारी मानली. आमच्याकडे विद्यापीठ आणि तालीम यांची गाठ फार क्वचित पडली.

ती जेव्हा पडली तेव्हाचे फळ खाशाबा जाधव यांच्या रूपाने दिसते. कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या एका मल्लाच्या घरी १९२६ साली त्यांचा जन्म झाला. गावच्या मातीत कुस्ती शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथील क्रीडाशिक्षकाने अंगाने लहान दिसणाऱ्या या विद्यार्थ्यास स्पर्धेत घेण्याचे प्रथम नाकारले. प्राचार्य खर्डेकर यांनी परवानगी दिल्यावर त्यांनी आपल्याहून मोठ्या मल्लांस चीत केले. १९४८ साली लंडन येथे, गादीवरील कुस्ती अपरिचित असताना, ते सहावे आले. तेथे त्यांस रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाचे मार्गदर्शन लाभले. १९५२ साली हेलसिंकी येथे जाण्याचा खर्च उभा राहीना, तेव्हा खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. शिंदे यांचा चौथा क्रमांक आणि खाशाबांचा तिसरा यांत बत्तीस वर्षांचे अंतर आहे. हाड तेच, माती तीच. त्यात परक्या नियमांचे शिक्षण आणि महाविद्यालयाचा पाठिंबा या दोन गोष्टींची भर पडली. मात्र हा पाठिंबा संस्थेच्या तिजोरीतून नव्हे, तर एका प्राचार्याच्या घरावर कर्ज काढून आला, ही गोष्ट अभिमानाइतकीच विचार करावयास लावणारी आहे.

तालमीची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. तिची सारी मदार आश्रयावर होती. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मोठा राजाश्रय संपला. ती पोकळी भरून काढण्यासाठी मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ साली औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांनी मराठवाड्यातील मुले घडविली. त्यांपैकी बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक मिळविले. दुष्काळी तालुक्यातील मुलगा पुण्याच्या तालमीत वर्षानुवर्षे राहतो आणि तेथून जगात जातो, हा जुना मार्ग अद्याप बुजलेला नाही.

धावपटूंसाठी मात्र तालमीसारखी संस्था फार उशिरा आली. सैन्याने २००१ साली पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट स्थापन केली. लहान वयाच्या मुलांची शारीरिक चाचणी घेऊन त्यांस शाळा, भोजन आणि शिक्षक एकत्र पुरविण्याची सैन्याची योजना तत्त्वतः तालमीचीच योजना आहे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे हे शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबातील, लहानपणी शाळेला धावत जाणारे मूल. धावपटू म्हणून त्यांची पारख आणि घडण सैन्यात गेल्यावर झाली. २०२३ साली हांगझौ येथील आशियाई सामन्यांत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. १९१९ साली जिमखान्यावर धावलेल्या मुलांहून त्यांचे मूळ फारसे निराळे नाही. त्यांच्या मागे उभी असलेली व्यवस्था निराळी आहे.

यावरून १९२० च्या निवडीचे मूल्यमापन कसे करावे? दोराबजींच्या दृष्टीस दोष देणे अन्यायाचे होईल. अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलात जगाशी स्पर्धा करण्याचे सामर्थ्य आहे, हे ओळखण्यास मोठे मन लागते, आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी ते कार्य पुढेही नेले. परंतु ज्या जिमखान्याने खोखोस नियम दिले, त्याला धावण्यासाठी नियमाबरहुकूम पट्टी आखणे शक्य झाले नव्हते, आणि शिकविणारा माणूसही त्याच्यापाशी नव्हता. पारख पुण्यात झाली, घडण कोठेच झाली नाही. म्हणून त्या धावपटूंच्या वाट्यास आलेल्या क्रमांकांवरून त्यांच्या योग्यतेचा निर्णय करणे इतिहासकारास शोभणारे नाही. चौगुले यांनी पुरी केलेले ते पावणेत्रेचाळीस किलोमीटर आपल्यास इतकेच सांगतात, की कच्चेपणा त्या मुलांत जेवढा होता त्याहून अधिक त्यांस पाठविणाऱ्या व्यवस्थेत होता.