शिक्षणविषयक कायदा (महाराष्ट्र)

शाळांशी संबंधित अधिकार, कर्तव्ये व सेवाशर्ती ठरवणाऱ्या नियमांचा समूह. ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) शिक्षण समवर्ती सूचीत आले, त्यामुळे केंद्र व राज्य दोघेही कायदे करतात. विसंगती असल्यास सहसा केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. उन्नीकृष्णन खटल्यातील निकालाने (१९९३) चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क मानले, ८६व्या घटनादुरुस्तीने (२००२) अनुच्छेद २१-अ आला आणि २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला.

प्रत्यक्षात मात्र शिक्षकांचा संबंध जास्त येतो तो राज्याच्या कायद्यांशी व शासन निर्णयांशी. येवल्यातील (जि. नाशिक) खाजगी माध्यमिक शाळेने कायम शिक्षकाला बडतर्फ केले, तर १९७७च्या महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाच्या कलम ९नुसार त्याला तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाला ही वाट नाही. त्याला जिल्हा परिषदेचे सेवानियम लागू. शासन निर्णय हा कायद्याला पूरक असतो, त्याच्यावर मात करू शकत नाही. राज्याच्या नियमांनाही हीच मर्यादा आहे: सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी विनाअनुदानित शाळांना शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारी राज्याची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये रद्द केली.