जहाजाची गाठ आणि आपला मीटर



देवळीपासून समुद्र फार दूर. इकडच्या माणसाने जहाजाच्या वेगाविषयी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण माप हा कामगाराच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. कापड कोणाच्या गजाने मोजले, मिनिट कोणाच्या घड्याळाने धरले, यावर गिरणीत मजुरी ठरत आली. जहाजावर त्यावरून माणसांचे जीव ठरत.

जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये सांगतात. नॉट म्हणजे गाठ, आणि ही गाठ खरोखरीची होती. शिसे लावलेली लाकडी फळी दोरीला बांधून जहाजाच्या मागून पाण्यात सोडीत. फळी जागच्या जागी उभी राही, जहाज पुढे जाई, फिरकीवरची दोरी उलगडत जाई. दोरीला ठराविक अंतरावर गाठी असत. एकाच्या हाती फिरकी, दुसऱ्याच्या हाती वाळूचे घड्याळ. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी गेल्या तितके नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल. विल्यम बोर्न या इंग्रजाने 1574 साली या रीतीचे वर्णन छापले. फळीला 'लॉग' म्हणत. जहाजाच्या रोजनाम्याचे लॉगबुक हे नाव त्यावरूनच पडले.

आता मौज पाहा. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, ज्याला आपण कला म्हणतो. तो 5,000 फुटांचा समजून अर्ध्या मिनिटाच्या घड्याळासाठी सुमारे 42 फुटांवर गाठी मारीत. रिचर्ड नॉरवुडने 1635 साली लंडन ते यॉर्क अंतर काही साखळीने, काही पावलांनी मोजले, दोन्हीकडची सूर्याची उंची ताडून पाहिली आणि 1637 साली ग्रंथ छापून दाखविले की मैल 6,120 फुटांच्या आसपास भरतो. म्हणजे गाठ 51 फुटांवर हवी.

तरीही पुष्कळ जहाजांवर जुनीच दोरी चालू राहिली. तिने 8 नॉट दाखविले तर खरा वेग साडेसहाच्या थोडा वर. दिवसाच्या 192 मैलांपैकी 33 मैल नुसते कागदावरचे! खलाशांना त्याचे वाईट वाटत नसे. हिशेबात जहाज पुढे असले की किनारा अपेक्षेपेक्षा उशिरा येतो, अवचित येत नाही. कोणी दोरी तशीच ठेवून घड्याळातली वाळूच कमी केली. 25 सेकंदांना 42 फूट जवळजवळ बिनचूक बसतात. एका खोट्या मापाला दुसऱ्या खोट्या मापाने सांभाळून घेण्याची ही युक्ती गिरणीतल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

उलट बाजूची चूक मात्र घातक. दोरी ताणली की गाठींमधले अंतर वाढे, मोजणी कमी भरे, आणि जहाज हिशेबाच्या पुढे धावून रात्री खडकावर जाण्याचा धोका असे. म्हणून दोरी वरचेवर मोजून पाहावी लागे. मुंबईच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे खलाशी पुष्कळ; त्यांच्यावर टिंडेल, त्याच्यावर सारंग. हिशेब अधिकाऱ्याने मांडावयाचा, पण तो चुकला तर पाण्यात ही सारी मंडळी पडावयाची.

पुढे 28 सेकंदांना 47 फूट 3 इंच हे प्रमाण रूढ झाले. 1929 साली मोनॅको येथील परिषदेने सागरी मैल 1,852 मीटरचा ठरविला. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. फ्रेंचांनी मीटर बसविला तो ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर एक कोटी मीटर धरून. त्याच अंतरात 90 अंशांच्या 5,400 कला. भागाकार करा, 1,852 येतील.

आपल्याकडे 1956 च्या कायद्याने मीटर आला. त्या भाषेत एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, किंवा सेकंदाला 0.514 मीटर. ताशी 4 किलोमीटर चालणारी आपली बैलगाडी दोन नॉटांहून थोडी अधिक. इतक्या मंद वेगाला नॉटचे निम्मे केले की सेकंदाचे मीटर मिळतात, असा सोपा आडाखा चालतो. पण तो दिवसभर चालवू नये. 8 नॉटांच्या जहाजाला चोवीस तासांत तो सुमारे 10 किलोमीटर मागे दाखवितो, आणि ही चूक ताणलेल्या दोरीच्याच बाजूची आहे.