बोरघाट आणि लाकडी रोलर कोस्टर

निगडीच्या अप्पूघरात पोटात गोळा आला नाही असा पिंपरी-चिंचवडकर विरळाच! त्या गोळ्याचा इतिहास मात्र कोळशाच्या खाणीतून सुरू होतो आणि आपल्या बोरघाटाशी त्याचे नाते जवळचे आहे.

१८२७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, मॉक चंक येथे, खाणीतला कोळसा डोंगराखाली आणण्यासाठी लोहमार्ग घातला गेला. भरलेले डबे केवळ उताराच्या जोरावर धावत. रिकामे डबे खेचरे वर ओढीत. खाली येताना ती खेचरेही ऐटीत डब्यात बसून येत. पुढे कोळशाची वाहतूक थांबली, तरी हौशी प्रवासी येतच राहिले.

त्यातून स्फूर्ती घेऊन लामार्कस थॉम्पसनने १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लाकडी ‘स्विचबॅक रेल्वे’ उभारली. भाडे ५ सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. लोकांची मात्र झुंबड उडाली.

आता ‘स्विचबॅक’ या शब्दाकडे पाहा. डोंगर चढताना गाडी एका टोकाला थांबवून, दिशा उलटवून पुन्हा वर न्यायची, अशी ही रेल्वेतली युक्ती. खंडाळ्याजवळचे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणजे नेमके हेच.

चिंचवडवरून जाणारा खंडाळा-पुणे लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी खुला झाला. तेव्हा घाटाचे काम अपुरे होते. खोपोली ते खंडाळा हा टप्पा प्रवासी पालखीतून किंवा तट्टावरून गाठीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात पोहोचल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. १८६१ मध्ये घाटात ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकी आणि ताप यांनी त्यांतले हजारो गेले. ॲलिसचे नाव उरले. त्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवावीत, असे कोणाला वाटले नाही.

१८६३ साली घाट खुला झाला. चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट. खरे भय उताराचे होते. म्हणून जागोजागी चढाच्या दिशेने जाणारे ‘कॅच सायडिंग’ ठेवले गेले: ताबा सुटलेली गाडी त्यावर वळावी आणि चढ चढता चढता थांबावी. कोस्टरमध्ये उतारावर मिळालेला वेग पुढच्या उंचवट्यावर खर्ची पडतो, तोच हा नियम. तरीही १८६९ मध्ये एक गाडी रिव्हर्सिंग स्टेशनचे टोक ओलांडून कोसळलीच. १९२९ साली नव्या मार्गामुळे ते स्थानक निकामी झाले.

आज त्याच घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीजवळ, २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका आहे. तिथला ‘नायट्रो’ कोस्टर पोलादी. उंची सुमारे ४० मीटर. लाकडी कोस्टरची गंमत निराळी. लाकूड किंचित लवते, कुरकुरते, आणि ती कुरकुरच निम्मी भीती पुरवते.

मेलबर्नच्या लूना पार्कमधला १९१२ सालचा लाकडी ‘सीनिक रेल्वे’ पाहावा. त्याच्या डब्यांच्या मधोमध एक ब्रेकमन उभा राहून हाताने वेग आवरतो. घाट उतरणाऱ्या जुन्या गाड्यांवरही ब्रेकवाले असत, फक्त त्यांच्या गाडीत कोणी मौजेसाठी ओरडत नसे.