टर्मिनल विचारतं ‘वाय की एन?’ आणि आपण न वाचता एंटर मारतो

साताऱ्यात किंवा सांगलीत बीसीए, इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपवर पहिल्या-दुसऱ्या वर्षातच उबंटू येतं. सांगलीच्या वालचंद कॉलेजात तर विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स यूझर्स ग्रुप आहे. उबंटू आलं की टर्मिनल आलं, आणि टर्मिनलमध्ये ‘इन्स्टॉल’ टाईप केलं की एक प्रश्न येतो: पुढे जायचं का? शेजारी कंसात वाय आणि एन. आपण एंटर मारतो आणि मोकळे होतो.

हा प्रश्न नीट विचारला गेला नाही तर काय होतं, हे नोव्हेंबर 2021 मध्ये सगळ्या जगाने यूट्यूबवर पाहिलं.

लायनस सेबॅस्टियन हा कॅनडातला मोठा टेक यूट्यूबर. महिनाभर लिनक्सवर गेमिंग करून बघायचं, असं चॅलेंज त्याने घेतलं होतं. त्यासाठी त्याने पॉप ओएस टाकलं. मग त्याला हवं होतं स्टीम, म्हणजे गेम्सचं दुकान. आधी बटण दाबून प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणून टर्मिनल उघडून एपीटीला स्टीम टाकायला सांगितलं. पॅकेजमध्ये गडबड होती. स्टीम बसवायचं तर डेस्कटॉपच काढावा लागेल, असा हिशोब एपीटीने केला. स्क्रीनवर पॅकेजच्या नावांची लांबच लांब यादी आली. त्यात इशाराही होता की अत्यावश्यक गोष्टी काढल्या जातील, नक्की माहीत असल्याशिवाय हे करू नका. आणि शेवटी एपीटीने साधं वाय न मागता एक अख्खं वाक्य टाईप करायला लावलं. त्याचा अर्थ साधारण असा: ‘हो, मी सांगतोय तसं कर!’

त्याने ते वाक्य टाईप केलं. डेस्कटॉप गायब.

नेटवर दोन तट पडले. एक म्हणे, इशारा समोर असताना वाचला का नाही? दुसरा म्हणे, गेमचं दुकान टाकताना कॉम्प्युटर उद्ध्वस्त होईल असं कुणाला वाटेल? आमचं मत दुसऱ्या तटाकडे झुकतं. त्या स्क्रीनवर पॅकेजची नावं होती, परिणाम नव्हता. ‘हे केलंत तर तुमचा डेस्कटॉप जाईल, फक्त काळी स्क्रीन उरेल’ एवढं एक वाक्य असतं तर बहुतेक माणसं थांबली असती. शिवाय रोजच्या शंभर प्रश्नांना ‘हो’ म्हणायची सवय लागली की एकशे एकावा प्रश्नही तसाच वाचला जातो, म्हणजे वाचलाच जात नाही.

एपीटी तसं उगाच विचारत बसत नाही, हे मान्य करायला हवं. तुम्ही मागितलेलं एकच पॅकेज येणार असेल तर एपीटी-गेट काही न विचारता कामाला लागतं. सोबत आणखी पॅकेजेस येणार असतील किंवा काही काढावं लागणार असेल, तरच थांबतं. किती डाऊनलोड होईल, डिस्कवर किती जागा जाईल, हेही सांगतं. जत किंवा माण तालुक्यात मोबाईल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला तर सगळ्यात आधी हाच आकडा बघावा लागतो. दिवसाचा दीड जीबी संपला की प्रॅक्टिकल उद्यावर.

आता डिफॉल्टचा मुद्दा. एपीटीच्या कंसात वाय कॅपिटल असतो आणि एन स्मॉल. याचा अर्थ, नुसतं एंटर मारलं तर ‘हो’. फेडोरातल्या डीएनएफमध्ये उलटं आहे: एन कॅपिटल, म्हणजे नुसतं एंटर मारलं तर ‘नाही’. हा संकेत कुणी शिकवत नाही, बघून बघून कळतो. आणि मराठीत तो चालतच नाही! एपीटीचं मराठी भाषांतर आहे, पण देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा प्रकारच नाही. ‘ह/न’ लिहिलं तर डिफॉल्ट कुठला, हे दाखवायचं कसं? त्यात एक अक्षर टाईप करायला कीबोर्ड बदला. अशा ठिकाणी सरळ शब्दांत ‘एंटर दाबल्यास नाही समजलं जाईल’ असं लिहिणं हाच उपाय. खरं तर इंग्रजीतही तेच जास्त बरं.

प्रश्नच न विचारणारीही मंडळी आहेत. पायथनचं पिप इन्स्टॉल करताना गप्प असतं, विचारतं ते काढून टाकताना. जावास्क्रिप्टचं एनपीएमही थेट बसवतं. त्याचाच भाऊ एनपीएक्स पूर्वी न विचारता पॅकेज आणून चालवायचा. 2020 मध्ये एनपीएम 7 आल्यापासून तो आधी परवानगी मागतो. कारण नावात एक अक्षर चुकलं तर त्याच चुकीच्या नावाने कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं घातक पॅकेज येऊ शकतं.

आणि डॅश वाय? स्क्रिप्टमध्ये तो लागतोच, कारण तिथे उत्तर द्यायला माणूस नसतो. पण त्यालाही कुंपण आहे. अत्यावश्यक पॅकेज काढायची वेळ आली तर डॅश वाय असूनही एपीटी-गेट काम थांबवतं.

लायनसच्या प्रकरणानंतर एपीटीवाल्यांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. इशारा आणखी मोठा करून ते थांबले नाहीत. त्याच महिन्यात आलेल्या 2.3.12 आवृत्तीपासून, काहीतरी बसवण्यासाठी अत्यावश्यक पॅकेज काढायचा मार्ग एपीटी शोधतच नाही. म्हणजे तो घातक प्रश्न विचारायची वेळच येऊ दिली नाही. पुढे 3.0 मध्ये रंगही आले: येणारी पॅकेजेस हिरवी, जाणारी लाल.

तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल तर कमांडला डॅश एस जोडून आधी एकदा चालवा. एपीटी काय काय करणार ते सगळं दाखवतं, पण प्रत्यक्षात काहीच बसवत किंवा काढत नाही. त्या यादीत ‘काढली जातील’ या ओळीखाली काय आहे, तेवढं बघा.