इंग्रजी व्याकरणातील शब्दांच्या जाती

इंग्रजी व्याकरणातील शब्दांच्या जाती म्हणजे वाक्यातील कार्य आणि रूप यांना अनुसरून पाडलेले इंग्रजी शब्दांचे वर्ग होत. शालेय परंपरेत हे वर्ग आठ मानले जातात: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय. मराठी व्याकरणही याच आठ जातींच्या चौकटीत शिकवले जात असल्याने मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील जाती ओळखीच्या वाटतात. ही ओळख काही जातींपुरतीच खरी आहे. दोन्ही भाषांत नावे सारखी असली, तरी त्या नावांखाली येणारे शब्द सारखे वागत नाहीत.

आठ या संख्येचा उगम

आठ ही संख्या इंग्रजीच्या अभ्यासातून निघालेली नाही. डायोनिसिअस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग आहेत. त्यांत धातुसाधित आणि उपपद हे स्वतंत्र वर्ग आहेत, विशेषण मात्र नामातच मोडते. लॅटिनमध्ये उपपदे नसल्याने लॅटिन व्याकरणकारांनी तो वर्ग गाळला आणि केवलप्रयोगी शब्दांचा वर्ग घालून आठ ही संख्या कायम राखली. इंग्रजी व्याकरणकारांनी लॅटिनची चौकट उचलली व पुढे तीत फेरबदल केले. जोसेफ प्रीस्टली याने 1761 मध्ये धातुसाधितांना वगळून विशेषणाला स्वतंत्र स्थान देणारी आठ जातींची यादी मांडली. शाळांतून आज शिकवली जाणारी यादी तीच आहे. लिंडली मरे याच्या 1795 च्या, अतिशय खपलेल्या व्याकरणात उपपद वेगळे धरून नऊ जाती आहेत.

भारतीय परंपरेने निराळी वाट घेतली होती. यास्काच्या निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग आहेत. पाणिनीने पदाचे सुबन्त व तिङन्त असे दोनच मुख्य प्रकार मानले. अव्ययेही त्याच्या पद्धतीत सुबन्तांतच येतात. अरबी व्याकरणात तीन वर्ग आहेत. जातींची संख्या भाषेइतकीच व्याकरणकाराच्या दृष्टीवरही अवलंबून असते, हे यावरून दिसते.

मराठीतील प्रवेश

दादोबा पांडुरंग तर्खडकर (1814–1882) यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. या व्याकरणाने व त्याच्या पुढील आवृत्त्यांनी मराठी शालेय व्याकरणाला दीर्घकाळ टिकलेली घडण दिली. शब्दांचे वर्गीकरण इंग्रजी वळणाचे, तर विभक्ती, प्रयोग व समास यांची परिभाषा संस्कृत वळणाची, असा हा संगम आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी दादोबांच्या अनेक मतांची चिकित्सा केली. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (1911) या ग्रंथात या प्रश्नांची विस्तृत चर्चा आढळते. अरविंद मंगरूळकर यांच्या ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या पुस्तकाचे नावच वादाचा रोख सांगते. इंग्रजीने लॅटिनकडून घेतलेली आणि मराठीने इंग्रजीकडून घेतलेली ही चौकट विद्यार्थ्याला पुन्हा इंग्रजी शिकताना भेटते.

जात शब्दाची की प्रयोगाची

इंग्रजीत पुष्कळ शब्द रूप न बदलता एकाहून अधिक जातींत वावरतात. ‘राउंड’ हा एकच शब्द ‘अ राउंड टेबल’ येथे विशेषण आहे, ‘द सेकंड राउंड’ येथे नाम, ‘ही टर्न्ड राउंड’ येथे क्रियाविशेषण आणि ‘राउंड द फायर’ येथे शब्दयोगी अव्यय. शब्द सुटा दाखवून त्याची जात विचारण्याची परीक्षेतील रीत म्हणूनच इंग्रजीच्या बाबतीत फारशी समर्थनीय नाही. मराठीतही हा प्रकार आहे: ‘तो वर गेला’ यात ‘वर’ क्रियाविशेषण अव्यय आहे, ‘झाडावर’ यात शब्दयोगी. मात्र मराठीत शब्दाचा प्रत्यय किंवा त्याचे दुसऱ्या शब्दाशी जोडून येणे जातीची खूण देते. इंग्रजीत ही खूण बहुधा शब्दाच्या जागेत असते. उपपदानंतर नाम येणार, कर्त्यानंतर क्रियापद येणार, अशी अपेक्षा वाचक शब्दक्रमावरून बांधतो.

शब्दयोगी अव्यये

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण या जातीत आहे. परळी तालुक्यातील सिरसाळा या गावाचे नाव घेऊन ती स्पष्ट करता येते. ‘बस सिरसाळ्याहून परळीला जाते’ हे वाक्य इंग्रजीत ‘द बस गोज फ्रॉम सिरसाळा टू परळी’ असे होते. इंग्रजीतील ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ हे दोन्ही स्वतंत्र शब्द आहेत, ते नामाच्या आधी येतात आणि नामाचे रूप बदलत नाहीत. मराठीत ‘हून’ व ‘ला’ नामाला चिकटतात आणि त्यांच्यापूर्वी ‘सिरसाळा’ याचे ‘सिरसाळ्या’ असे सामान्यरूप होते. शिवाय परंपरेनुसार ‘हून’ व ‘ला’ ही शब्दयोगी अव्यये नसून विभक्तिप्रत्यय आहेत. ‘सिरसाळ्यापासून’ म्हटले तर मात्र ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय ठरते. इंग्रजीतील एक जात मराठीत अशी दोन ठिकाणी विभागली जाते. ‘ऑफ’चे काम करणारा ‘चा’ तर पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणे ‘ची’, ‘चे’ असा बदलतो; इंग्रजी शब्दयोगी अव्यय कधीच असे बदलत नाही.

इंग्रजी वाक्यरचनेतील अनेक ठरावीक चुकांचे मूळ येथे सापडते. मराठीत एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतात, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ जोडले जाते. प्रमाण इंग्रजीत ते अनावश्यक आहे. एखाद्याशी लग्न करणे यातील ‘शी’मुळे ‘मॅरी’पुढे ‘विथ’ येते, आणि ‘त्याला विचार’ यातील ‘ला’मुळे ‘आस्क टू हिम’ अशी रचना होते. याच्या उलट ‘गाणे ऐकणे’ यात मराठीला प्रत्यय लागत नाही, म्हणून ‘लिसन’पुढील ‘टू’ गळते. अशा जोड्या नियमाने सुटत नाहीत. त्या क्रियापदासह पाठ कराव्या लागतात.

‘आफ्टर’ या शब्दाचे वर्तन आणखी बोधक आहे. ‘आफ्टर स्कूल’ यात तो शब्दयोगी अव्यय, तर ‘आफ्टर ही केम’ यात पुढे पूर्ण वाक्य असल्याने उभयान्वयी अव्यय मानला जातो. मराठीत ‘शाळेनंतर’ आणि ‘तो आल्यानंतर’ या दोन्ही ठिकाणी ‘नंतर’ शब्दयोगीच राहते, कारण मराठी दुसऱ्या वाक्याचे कृदन्त करून त्यालाच अव्यय जोडते. त्यामुळे विद्यार्थी दोन्ही ‘आफ्टर’ एकाच जातीत टाकतो. शालेय उत्तरपत्रिकेत ही चूक ठरते. पण रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांच्या 2002 मधील ‘केंब्रिज ग्रामर’मध्येही दोन्ही ‘आफ्टर’ एकाच वर्गात ठेवले आहेत.

विशेषण आणि उपपद

इंग्रजी विशेषण लिंगवचनाने बदलत नाही. मराठीत ‘चांगला’, ‘चांगली’, ‘चांगले’ असे आकारान्त विशेषण बदलते; ‘सुंदर’, ‘लाल’ यांसारखी विशेषणे बदलत नाहीत. या बाबतीत इंग्रजी सोपी आहे.

उपपदांचे तसे नाही. ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ यांना मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘एक राजा होता’ यातील ‘एक’ अनिश्चित उपपदाच्या जवळ जातो, ‘तो’ काही वेळा ‘द’चे काम करतो, पण दोन्ही ऐच्छिक आहेत. आठ जातींच्या यादीत उपपदांची गणना विशेषणांत होते आणि त्यामुळे मोठा फरक झाकला जातो. विशेषणे एकापुढे एक कितीही येऊ शकतात; ‘द’ आणि ‘माय’ मात्र एकाच नामाआधी एकत्र येत नाहीत. आधुनिक व्याकरणे अशा शब्दांसाठी निर्धारक हा वेगळा वर्ग मानतात, आणि मराठी भाषकाला इंग्रजी शिकवताना तो अधिक उपयोगी पडतो.

क्रियापद आणि नकार

मराठीतील ‘नाही’ हे ‘नाहीस’, ‘नाहीत’ असे पुरुषवचनाप्रमाणे बदलते आणि वाक्य पूर्ण करते. म्हणजे ते क्रियापदासारखे वागते. इंग्रजीतील ‘नॉट’ अव्यय असून पारंपरिक व्याकरणात त्याला क्रियाविशेषण म्हणतात. त्याला सहायक क्रियापदाचा आधार लागतो. मुख्य क्रियापदाबरोबर दुसरे सहायक क्रियापद नसेल तर ‘डू’ आणावे लागते. ‘मी जात नाही’ यावरून ‘आय नॉट गो’ अशी रचना होते ती याच कारणाने. ‘आवडणे’ आणि ‘लाईक’ ही दोन्ही क्रियापदेच आहेत, तथापि ‘मला आंबा आवडतो’ यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालते, तर ‘आय लाईक मँगोज’ यात ‘आय’ हाच कर्ता असतो.

आधुनिक वर्गीकरणे

विसाव्या शतकात अर्थावर आधारलेल्या व्याख्यांवर आक्षेप घेतले गेले. क्रिया दाखवणारा शब्द ते क्रियापद असे म्हटले, तर ‘डिस्ट्रक्शन’ म्हणजे विनाश हे नाम का, याचे उत्तर मिळत नाही. चार्ल्स फ्राइज याने 1952 मध्ये वाक्यातील रिकाम्या जागेत कोणता शब्द बसतो या कसोटीवर चार मुख्य वर्ग आणि पंधरा कार्यशब्दांचे गट पाडले. हडलस्टन व पुलम यांनी सर्वनामांना नामांतच धरले आणि उभयान्वयी अव्ययांचे दोन वर्ग केले. त्यांच्या यादीत एकूण नऊ वर्ग आहेत. शालेय पुस्तकांतील आठ जातींची यादी मात्र बव्हंशी तशीच राहिली आहे.