स्वस्त स्पीकरला सॉफ्टवेअरची साथ

घरगुती डीजेंसाठी इक्वलायझरचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा

- प्रतिनिधी

लॅपटॉप, छोटा कंट्रोलर आणि परवडतील असे दोन स्पीकर एवढ्या सामग्रीवर अनेक तरुण घरातल्या एखाद्या खोलीत डीजेचा सराव करतात. खोलीत छान जमलेले मिश्रण लग्नाच्या हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात मोठ्या ध्वनियंत्रणेवर वाजले की मात्र खर्ज घुमू लागतो, गायकाचा आवाज मागे पडतो आणि दोन गाण्यांचा सांधा उघडा पडतो. दोष पुष्कळदा डीजेच्या कौशल्यात नसतो; घरी त्याच्या कानांवर पडणारा आवाजच मुळात खरा नसतो. स्पीकर आणि खोली मिळून ध्वनीत फेरफार करतात आणि डीजे त्यावर विसंबून निर्णय घेतो.

संगणकातील इक्वलायझरच्या साह्याने हा फेरफार बराच कमी करता येतो आणि त्यासाठी लागणारी चांगली सॉफ्टवेअर मोफत मिळतात. मात्र इक्वलायझर जादा असलेले काढू शकतो, स्पीकरमध्ये मुळात नसलेली ताकद आणू शकत नाही. हा फरक लक्षात न घेता बटणे फिरवली, तर आवाज बिघडतोच, शिवाय स्पीकरही निकामी होऊ शकतो.

इक्वलायझर म्हणजे काय?

माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. या पट्ट्यातील निवडक भाग कमी किंवा जास्त करणारी योजना म्हणजे इक्वलायझर. टेलिफोनच्या लांब तारांमधून जाताना आवाजातील उंच स्वर क्षीण होत. ते पुन्हा इतर स्वरांच्या बरोबरीला आणण्याच्या गरजेतून हे तंत्र आणि हे नाव आले.

विनॅम्पवर गाणी ऐकलेल्या पिढीला दहा उभ्या सरकपट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर परिचयाचा आहे. त्यात प्रत्येक पट्टीची वारंवारता ठरलेली असते. स्पीकर सुधारण्यासाठी अधिक उपयोगी पडतो तो पॅरामेट्रिक इक्वलायझर. अमेरिकन ध्वनितंत्रज्ञ जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात या प्रकारावर निबंध सादर केला होता. यात वारंवारता, किती डेसिबल वाढवायचे वा घटवायचे आणि फेरफाराची रुंदी किती, या तिन्ही गोष्टी वापरणारा ठरवतो. रुंदीच्या आकड्याला ‘क्यू’ म्हणतात. क्यू जितका मोठा, तितका फेरफार अरुंद.

डीजेच्या मिक्सरवर प्रत्येक गाण्यासाठी लो, मिड आणि हाय अशी तीन बटणे असतात. ती वादनाची साधने आहेत. एका गाण्याचा खर्ज काढून दुसऱ्याचा आत आणण्यासाठी ती मोकळी राहिली पाहिजेत. स्पीकरचा दोष झाकण्यासाठी ती कायमची फिरवून ठेवणे योग्य नव्हे. दोषनिवारणाचा इक्वलायझर सर्वांत शेवटी, म्हणजे मिश्रण पूर्ण झाल्यानंतर आणि आवाज स्पीकरकडे जाण्यापूर्वी असावा.

स्पीकरचा दोष आणि खोलीचा दोष

साडेतीन-चार इंची वूफर असलेल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात खालची मर्यादा बहुधा ७० ते ८० हर्ट्झ अशी दिलेली असते. नृत्यसंगीतातील किक ड्रमचा गाभा मात्र साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. म्हणजे ज्या ठेक्यावर डीजेची सारी भिस्त, तोच छोट्या स्पीकरवर अर्धवट ऐकू येतो.

खोलीचा परिणाम याहून गुंतागुंतीचा असतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहरी पुढेमागे आदळतात आणि भिंतींमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे असेल, ती वारंवारता घुमू लागते. दहा फूट रुंदीच्या खोलीत ही वारंवारता सुमारे ५६ हर्ट्झ येते, बारा फूट लांबीला सुमारे ४७ हर्ट्झ आणि साडेनऊ फूट उंचीच्या छताला सुमारे ५९ हर्ट्झ. याचा अर्थ असा, की फ्लॅटमधील दहा बाय बाराच्या खोलीत रुंदी आणि उंची या दोघींचा घुमारा जवळजवळ एकाच ठिकाणी, तोही नेमका किक ड्रमवर येऊन बसतो. लांबीच्या ४७ हर्ट्झची दुप्पट म्हणजे ९४ हर्ट्झ. तिथे आणखी एक उंचवटा येतो.

यामुळे एकाच खोलीत काही स्वर फुगतात, तर काही जागी गायबच होतात. फुगलेला खर्ज ऐकून डीजे तो कमी करतो आणि मोठ्या सभागृहात त्याचे मिश्रण पोकळ वाटते. गायब झालेला खर्ज वाढवला, तर सभागृहात तो अंगावर येतो. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली खोलीचे राज्य असते. त्यावरच्या भागात स्पीकरचा स्वतःचा स्वभाव अधिक जाणवतो.

आधी जागा, मग सॉफ्टवेअर

इक्वलायझरला हात लावण्यापूर्वी स्पीकरची जागा बदलून पाहावी. भिंतीला चिकटलेल्या स्पीकरचा खर्ज वाढतो आणि कोपऱ्यात तो आणखी फुगतो. दोन्ही स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. उंच स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीला असावा. डीजे बहुधा उभा राहून वाजवतो, त्यामुळे बसलेल्या माणसाच्या कानाची उंची धरून मांडणी करू नये. पोकळ टेबलावर ठेवलेले स्पीकर टेबललाही थरथरवतात. खाली जाड फोम किंवा रबर ठेवल्यास हा कंप कमी होतो. अनेक स्पीकरच्या मागे खर्ज व तार स्वर कमी-जास्त करण्याची बटणे असतात, तीही तपासावीत.

मोजमाप कसे करावे?

‘रूम ईक्यू विझार्ड’ हे जॉन मल्काही यांनी तयार केलेले मोफत सॉफ्टवेअर मोजमापासाठी जगभर वापरले जाते. ते स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा एक स्वर वाजवते, मायक्रोफोनने तो टिपते आणि कोणती वारंवारता किती वाजली याचा आलेख काढते. त्यासाठी मोजमापाचा मायक्रोफोन लागतो. त्याच्यासोबत त्याच्या स्वतःच्या चुकीची नोंद असलेली फाइल मिळाली, तर निकाल अधिक विश्वसनीय ठरतो. मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि खर्जाच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही.

मोजमाप एकाच बिंदूवर न घेता डोक्याच्या आसपास चार-पाच ठिकाणी घ्यावे आणि त्यांची सरासरी काढावी. एका बिंदूसाठी केलेली काटेकोर दुरुस्ती अर्धा फूट सरकल्यावर चुकीची ठरते.

मायक्रोफोन नसेल, तर ३० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर मध्यम आवाजात वाजवून कोणत्या आकड्याला खोली घुमते हे कागदावर टिपून ठेवावे. ही पद्धत ढोबळ आहे, पण सर्वांत मोठे दोन उंचवटे तिने सहज सापडतात.

दुरुस्तीचे पाच टप्पे

१. उंचवटे कापावेत. ५६ हर्ट्झला उंचवटा असेल, तर तेथे ४ ते ६ डेसिबलची कपात करून ऐकावे. तीन ते पाच फिल्टर बहुधा पुरेसे होतात. आलेख आखीव सरळ रेषेत आणण्याचा अट्टहास नको. चांगला स्पीकरही खोलीत मोजला, तर खर्जाकडून तार स्वरांकडे आलेख किंचित उतरता दिसतो आणि कानाला तोच नैसर्गिक वाटतो.

२. खड्डे भरू नयेत. काही वारंवारतांना थेट आलेला आणि भिंतीवरून परतलेला ध्वनी एकमेकांना रद्द करतात. स्पीकर मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर असा खड्डा सुमारे ८६ हर्ट्झला पडतो. तेथे आवाज वाढवला, की परतणारा ध्वनीही तितकाच वाढतो आणि खड्डा तसाच राहतो. त्यावर उपाय एकच, स्पीकर हलवणे.

३. वाढ ३ डेसिबलच्या आत ठेवावी. ३ डेसिबल वाढीला अॅम्प्लिफायरकडून दुप्पट शक्ती लागते, ६ डेसिबलला चौपट आणि १० डेसिबलला दहापट.

४. अगदी खालचा खर्ज काढून टाकावा. हा उपाय अनेकांना उलटा वाटतो, पण छोट्या स्पीकरला सर्वांत मोठा फायदा याचाच होतो. तेवढ्याच पातळीचा आवाज काढायचा, तर वारंवारता निम्मी झाल्यावर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावे लागते. ज्या स्पीकरला हवा खेळवणारे भोक असते, त्यात ठराविक मर्यादेखाली पडद्यावरचा ताबाही सुटतो. तो जे स्वर नीट वाजवूच शकत नाही, त्यांच्यासाठीच त्याची धडपड चालते आणि त्यात इतर स्वरही फाटतात. ४० ते ५० हर्ट्झखालचा भाग हाय-पास फिल्टरने कापला, की उरलेला खर्ज स्वच्छ होतो आणि स्पीकर थोड्या अधिक आवाजातही टिकून राहतो.

५. एकूण पातळी खाली आणावी. आजची नृत्यगीते डिजिटल पातळीच्या कमाल मर्यादेला टेकलेली असतात. कोणत्याही पट्ट्यात ३ डेसिबल वाढ केली, तर ‘प्रीअॅम्प’ किमान तेवढाच खाली घ्यावा. अन्यथा आवाज कडेला कापला जाऊन करकरतो.

शेवटी दुरुस्ती चालू-बंद करून तुलना करावी, मात्र दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवूनच. जरा मोठा असलेला आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि तेथेच फसगत होते.

कोणते सॉफ्टवेअर?

विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ हे मोफत सॉफ्टवेअर बरेच वापरले जाते. त्याला ‘पीस’ हा सोपा दर्शनी भाग जोडता येतो आणि रूम ईक्यू विझार्डने सुचवलेले फिल्टर त्यात थेट घेता येतात. मॅकवर ‘ईक्यूमॅक’, तर लिनक्सवर ‘ईझी इफेक्ट्स’ असे पर्याय आहेत.

डीजेंसाठी येथे एक मोठी मेख आहे. इक्वलायझर एपीओ विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिमार्गात बसते. अनेक डीजे सॉफ्टवेअर मात्र विलंब टाळण्यासाठी ‘एएसआयओ’ ड्रायव्हर किंवा ‘एक्स्क्लुझिव्ह मोड’ वापरतात आणि हा मार्ग ओलांडून थेट कंट्रोलरच्या साउंड कार्डाशी बोलतात. तेव्हा इक्वलायझर पडद्यावर चालू दिसतो, पण आवाजात काडीचाही फरक पडत नाही. खात्री करायची असेल, तर प्रीअॅम्प तीस डेसिबलने खाली ओढून पाहावा. आवाज तसाच राहिला, तर मार्ग चुकला आहे असे समजावे.

अशा वेळी डीजे सॉफ्टवेअरमध्येच मुख्य आउटपुटसाठी इक्वलायझर आहे का, ते पाहावे. नावाच्या शेवटी तीन ‘एक्स’ असलेल्या ‘मिक्स’ या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. ती नसल्यास कंट्रोलर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारे छोटे डिजिटल प्रक्रियायंत्र हा खर्चिक, पण भरवशाचा पर्याय ठरतो.

साध्या पॅरामेट्रिक फिल्टरमुळे जाणवण्याजोगा विलंब होत नाही. ‘लिनिअर फेज’ प्रकारचे फिल्टर मात्र आवाज उशिरा पोहोचवतात. ठेका जुळवताना किंवा स्क्रॅच करताना ते चालत नाहीत. दुरुस्ती फक्त मुख्य आउटपुटला लागावी. कंट्रोलरच्या साउंड कार्डात हेडफोनची वाहिनी वेगळी असते. तिला हे फिल्टर लागले, तर हेडफोनचा आवाज विनाकारण बिघडतो.

घराबाहेर पडताना

ही दुरुस्ती त्या एका खोलीपुरती असते. लॅपटॉप घेऊन कार्यक्रमाला जाताना ती बंद केली नाही, तर सभागृहातील उत्तम ध्वनियंत्रणेतूनही खर्ज हरवलेला आवाज येईल. घर आणि कार्यक्रम यांसाठी दोन वेगळ्या मांडण्या साठवून ठेवाव्यात. मिश्रण ध्वनिमुद्रित करतानाही हे फिल्टर मुद्रणात उतरत नाहीत ना, हे छोटा नमुना मुद्रित करून तपासावे.

शेजार आणि स्वतःचे कान यांचाही विचार हवा. भिंतीतून तार स्वरांपेक्षा खर्ज अधिक पार होतो, त्यामुळे घुमणारा उंचवटा कापल्याचा दिलासा पलीकडच्या घरालाही मिळतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. कानांसाठी अमेरिकेतील ‘नायोश’ या कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास.

हे लक्षात ठेवा

- दुरुस्ती मिश्रणानंतर, सर्वांत शेवटच्या टप्प्यावर करावी.
- आधी जागा बदलावी, मग मोजावे, मग फिल्टर लावावेत.
- वाढवण्यापेक्षा कापण्यावर भर द्यावा.
- फाटका आवाज, सैल पडदा किंवा अशक्त अॅम्प्लिफायर हे दोष इक्वलायझरने जात नाहीत.
- ४० हर्ट्झचा खर्ज खरोखर ऐकायचा असेल, तर सबवूफर घ्यावा किंवा तेवढा भाग चांगल्या हेडफोनवर तपासावा.
- दुरुस्तीनंतर परिचयाची दहा-बारा गाणी ओळीने ऐकावीत. प्रत्येक गाण्याचा खर्ज वेगळा ऐकू येऊ लागला, तर दुरुस्ती साधली. सगळ्या गाण्यांत एकच स्वर घुमत असेल, तर खोलीचा अंमल अजून कायम आहे.