घट किती काळ पुरेल?

विद्युतघट शिकवताना वर्गात असे एक उदाहरण घालता येते. एका शिसे-आम्ल बॅटरीवर '१०० अँपिअर-तास' असे लिहिलेले आहे. तिच्यातून सतत २० अँपिअर प्रवाह घेतला, तर ती किती वेळ पुरेल? विद्यार्थी शंभराला वीसने भागतात, पाच तास असे उत्तर काढतात आणि आपण पूर्ण गुण देतो. प्रत्यक्षात मात्र अशी बॅटरी बहुधा चार तासांच्या आतच मान टाकते. भागाकार तर बिनचूक आहे. मग उरलेला तासाभराचा वेळ गेला कुठे? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८०० साली व्होल्टाने पहिला विद्युतघट जगापुढे ठेवला. तो किती वीज देईल हे सांगण्याची सोय तेव्हा नव्हती. ती फॅराडेच्या विद्युतविश्लेषणाच्या नियमांनी केली. रासायनिक क्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थाचे वस्तुमान आणि वाहणारा विद्युतप्रभार एकमेकांच्या प्रमाणात असतात, असे त्याने १८३४ च्या सुमारास दाखवून दिले. आजच्या आकड्यांत सांगायचे तर १ ग्रॅम जस्त पूर्णपणे वापरले गेल्यास सुमारे ०.८२ अँपिअर-तास इतका प्रभार मिळतो. म्हणजे घटात किती द्रव्य आहे हे कळले की त्याच्याकडून मिळणाऱ्या विजेची कमाल मर्यादा कळते. आपल्या भागाकाराचा आधार हाच. पाण्याची टाकी केवढी आणि तोटी किती सोडली, एवढाच त्यातला हिशेब.

पुढे १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते याने पुन्हा पुन्हा भारित करता येणारा शिसे-आम्ल घट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन त्याची क्षमता वाढवली आणि असे घट मोठ्या प्रमाणावर वापरात येऊ लागले. 'किती वेळ पुरेल' हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. तो पैशाचाही झाला. १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म प्यूकर्ट याने निरनिराळ्या प्रवाहांवर घट रिकामे होण्यास लागणाऱ्या वेळेचे मोजमाप एका सूत्रात बसवले. प्रवाहाचा एक विशिष्ट घात आणि वेळ यांचा गुणाकार स्थिर राहतो, असे ते सूत्र सांगते. हा घातांक १ असता, तर आपला साधा भागाकार खरा ठरला असता. शिसे-आम्ल घटांसाठी तो साधारणपणे १.१ ते १.३ असतो.

आता आपले उदाहरण पुन्हा सोडवू. बॅटरीवरचा '१०० अँपिअर-तास' हा आकडा ती २० तासांत रिकामी करून काढलेला आहे असे धरू, म्हणजे प्रवाह ५ अँपिअर. घातांक १.२ घेऊ. प्रवाह चौपट केला तर वेळ चौथा हिस्सा न होता ४ च्या १.२ व्या घाताने, म्हणजे सुमारे ५.२८ पटींनी कमी होतो. उत्तर येते ३ तास ४७ मिनिटे.

याचे कारण आपल्याकडच्या विहिरीवरून चांगले समजते. विहिरीवर मोठा पंप लावला की पाणी लवकर तळाला जाते. पंप बंद करून काही वेळ थांबले की झऱ्यांचे पाणी पुन्हा साचते. घटातील पट्ट्यांच्या सूक्ष्म छिद्रांत आम्ल असते. जोराने प्रवाह घेतला की तेथील आम्ल वापरले जाते आणि बाहेरचे आम्ल तितक्या वेगाने आत झिरपत नाही. शिवाय तयार होणारे लेड सल्फेट छिद्रांची तोंडे बुजवू लागते. द्रव्य शिल्लक असूनही व्होल्टेज उतरते. विश्रांती दिली की घट थोडा सावरतो. हिशेबातून निसटलेला वेळ घटातच अडकून पडलेला असतो.

प्रवाह मोठा असेल तर अशी फसगत होते. मग प्रवाह अगदी लहान असेल, तर भागाकार खरा ठरावा. या समजुतीची कसोटी माणसाच्या छातीत लागली. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये शल्यविशारद ओके सेनिंग यांनी रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसवला. संपूर्णपणे शरीरात बसवलेला हा पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला आणि दुसरा बसवावा लागला. अमेरिकेत १९६० मध्ये विल्सन ग्रेटबॅच आणि डॉ. विल्यम चार्डॅक यांच्या पेसमेकरमध्ये जस्त-पाऱ्याचे घट होते. ते पाच वर्षे चालतील अशी अपेक्षा होती. ते सुमारे दोनच वर्षे चालले.

असे का व्हावे? समजा, घटाची क्षमता १ अँपिअर-तास आहे आणि पेसमेकर २० मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो. भागाकार ५०,००० तास, म्हणजे पावणेसहा वर्षे सांगतो. पण घटाच्या आत आपोआप चालणाऱ्या क्रियांनी तेवढीच गळती होत असेल, तर आयुष्य निम्म्यावर येते. टॉर्चच्या घटात इतकी गळती कोणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण टॉर्चचा प्रवाह तिच्या हजारो पट असतो. टाकीची तोटी थेंब-थेंब सोडली, की तळाची बारीक चीरही तोटीच्या बरोबरीची ठरते. यात जस्त-पाऱ्याच्या घटाचा एक गुण दोष होऊन बसला. त्याचे व्होल्टेज अखेरपर्यंत जवळजवळ १.३५ व्होल्टवर स्थिर राहते आणि मग एकदम कोसळते. आपण संपत आलो आहोत, हे तो सांगतच नाही. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की नवी शस्त्रक्रिया एक तर फार लवकर, नाही तर फार उशिरा.

यातून मार्ग निघाला तो लिथियम-आयोडीन घटामुळे. १९७२ मध्ये इटलीत तो रुग्णाच्या शरीरात प्रथम वापरला गेला. त्यातील दोन द्रव्यांमध्ये लिथियम आयोडाइडचा घन थर आपोआप तयार होतो. त्याच्या आतली गळती अत्यल्प, त्यामुळे आयुष्य अनेक वर्षांचे. घट वापरला जाईल तसा हा थर जाड होत जातो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज हळूहळू उतरते. रोध मोजला की किती आयुष्य उरले याचा अंदाज येतो आणि शस्त्रक्रियेचा दिवस निवांतपणे ठरवता येतो. आर्ने लार्सन यांनी आयुष्यभरात वीसहून अधिक पेसमेकर वापरले आणि २००१ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही निवर्तले होते.

आज मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी टक्केवारी हाही एक अंदाजच आहे. आत-बाहेर जाणारा प्रभार मोजून, त्याला व्होल्टेज आणि तापमान यांची जोड देऊन फोन तो बांधतो. फॅराडेचा हिशेब त्यात आहेच. तो कोठे चुकेल याचे भानही आहे.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग अवश्य करून पाहावा. खेळण्यातील मोटर ज्या घटावर फिरेनाशी झाली आहे, तो घट भिंतीवरच्या घड्याळात घालावा. पुष्कळदा घड्याळ चालू लागते आणि काही आठवडे चालतही राहते. 'घट संपला' याचा अर्थ काय, असे मग विद्यार्थ्यांना विचारावे. हे वाक्य घटाइतकेच त्याला जोडलेल्या उपकरणाबद्दलही आहे, हे ज्याला उमगेल, त्याला भागाकाराच्या पुढचे भौतिकशास्त्र समजू लागले असे मानायला हरकत नाही.